‘रेडलाइन’ : वेगाचे रेखन

कथानक जवळजवळ नगण्य असूनही एखादी कलाकृती रसिकाला पुनःपुन्हा आपल्याकडे का खेचते, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला नवा नाही. ताकेशी कोइके यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘रेडलाइन’ या जपानी ॲनिमेशनपटाच्या संदर्भात तो अधिक तीव्रतेने उभा राहतो. मॅडहाउस या संस्थेने सुमारे सात वर्षे खपून, जवळजवळ एक लाख हस्तरेखाटनांतून तो सिद्ध केला. २००९ साली लोकार्नोच्या महोत्सवात तो प्रथम दाखविला गेला. पुढच्या वर्षी जपानमध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा व्यावसायिक दृष्ट्या तो अपयशीच ठरला.

कथा थोडक्यात संपते. कपाळावर केसांचा भला मोठा फुगा मिरविणारा जेपी हा चालक एका आंतरग्रहीय शर्यतीत उतरतो. सोनोशी ही त्याची प्रतिस्पर्धी आणि प्रेयसीही. शर्यत ज्या रोबोवर्ल्ड ग्रहावर व्हावयाची, तेथील सत्ताधीशांचा तिला सशस्त्र विरोध आहे. एवढ्या भांडवलात ‘आशय’ शोधू जाणाऱ्याच्या हाती फारसे लागत नाही, आणि ‘केवळ शैली’ असा शेरा मारणे सोपे जाते. मला तो शेरा मान्य नाही.

कॅमेऱ्याने टिपलेल्या शर्यतीत वेग आयता मिळतो. तो वस्तूतच असतो. येथे मात्र तो चित्राचित्रातून निर्माण करावा लागतो. गाडीने परमावधीची गती घेतली की जेपीचा चेहरा ताणला जातो, डोळे बाहेर येतात, गाडीचा आकारच लांबतो. तरी चित्र विस्कटत नाही, कारण तीक्ष्ण कडांच्या काळ्याभोर सावल्या त्याला धरून ठेवतात. आपल्या काव्यशास्त्राच्या परिभाषेत ही अतिशयोक्तीच; पण भामहाने तिचे वक्रोक्तीशी जे नाते जोडले, त्या व्यापक अर्थाने. येथे अलंकार आणि अलंकार्य वेगळे काढता येत नाहीत : विरूपण काढून घेतले तर वेगही उरत नाही.

मर्ढेकरांनी लयीची संवाद, विरोध आणि समतोल अशी जी तत्त्वे सांगितली, त्यांपैकी विरोधाचा प्रत्यय चित्रपटाच्या मध्यभागी येतो. दोन शर्यतींमधला हा संथ भाग कंटाळवाणा वाटण्याचा संभव आहे. पण त्या संथपणावाचून पुढचा वेग मोजावयाचा कशाने? खरा दोष अन्यत्र आहे. अखेरच्या शर्यतीत सैन्य येते, फंकी बॉय नावाचे महाकाय जैविक अस्त्र अवतरते, पडदा स्फोटांनी भरून जातो आणि रस्ता दिसेनासा होतो. रस्ता नाहीसा झाला की वेगाला मापच राहत नाही. आरंभीची ‘यलोलाइन’ शर्यत म्हणूनच अधिक एकात्म वाटते.

जाता जाता आणखी एक. कथेतल्या जगात चाकांच्या गाड्या मागे पडून तरंगणारी वाहने आली आहेत. जेपी मात्र आपली चाकांची ट्रान्स-ॲम सोडीत नाही. संगणकनिर्मित प्रतिमांचे युग सुरू झालेले असताना लाखभर चित्रे हाताने काढणाऱ्यांनी असा नायक निवडावा, हा निव्वळ योगायोग मानणे मला कठीण जाते. त्याची ती गाडी पहिल्याच शर्यतीत अंतिम रेषेच्या ऐन अलीकडे फुटते, तो हरतो; आणि तीच पुन्हा उभी करून रोबोवर्ल्डला नेतो.