हुंड्यात दिलेला किल्ला

सोलापुरात ऐतिहासिक प्रेमकथा? सोलापूरकरच आधी हसणार. "आमच्याकडं ऊन, चादरी आणि कडक भाकरी. प्रेमकथा लिहायची तर जा की उदयपूरला!" पण भुईकोट किल्ल्यातल्या बागेत शेंगा फोडत हे म्हणत असाल, तर जरा सावरून बसा. तुम्ही चक्क एका हुंड्यावर बसला आहात.

१५२४ साली विजापूरच्या इस्माईल आदिलशहानं आपली बहीण मरियम अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला दिली. दोघे शहा भेटले सोलापुरातच, आणि देण्याघेण्यात ठरला हा किल्ला, वर साडेपाच परगणे. खंदक, दुहेरी तट, बुरूज, सगळं एका मुलीच्या लग्नाच्या यादीत! लग्न लागलं, वरात गेली, किल्ला मात्र हाती पडेना. हुंडा राहिला की जावई रुसून बसतो, तसा हाही रुसला. फरक एवढाच, की हा फौज घेऊन परत आला.

पुढं कित्येक वर्षं या किल्ल्यापायी रक्त सांडलं आणि अखेर निजामशाहीनं तो जिंकून घेतला. संपलं? छे! विजयनगरविरुद्ध एकजूट करायची ठरली, तेव्हा १५६४च्या सुमारास हुसेन निजामशहानं आपली लेक अली आदिलशहाला दिली. तिच्याबरोबर हुंड्यात काय दिलं असेल? हाच किल्ला! वर अलीची बहीण हुसेनच्या मुलाला, म्हणजे सरळ साटंलोटं. जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटची लढाई झाली, तिच्यामागं या सोयरिकी होत्या. आणि ती नवरी कोण? पुढं अकबराच्या फौजेपुढं अहमदनगर लढवणारी चांदबिबी. तेव्हा असेल चौदा-पंधराची.

इतिहासानं परगणे अर्ध्यापर्यंत मोजले. नवरीला काय वाटलं, ते विचारायचं राहूनच गेलं. कथाकारानं शिरायचं ते इथंच.

आता तटावरून तळ्याकडं बघा. सिद्धेश्वराच्या देवळापाशी संमती कट्टा आहे. दंतकथा अशी, की बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांशी लग्न करायचा हट्ट एका कुंभारकन्येनं धरला. ते योगी, संसार करणार कसा? त्यांनी आपला योगदंड दिला: लाव याच्याशी लग्न. तिनं लावलं, आणि मग होमकुंडात उडी घेतली. संक्रांतीच्या गड्डा यात्रेत आजही ते लग्न लागतं. पांढऱ्या बाराबंदीतले भक्त उंचच उंच नंदीध्वज कमरेशी पेलत आणतात आणि हजारो हात अक्षता टाकतात. नवरदेव नसलेलं लग्न, तेही दरवर्षी! मला विचाराल तर ही गोष्ट जरा बेतानंच हाताळावी. ती श्रद्धेची आहे, आणि तिला शेवटही आहे.

किल्ल्याच्या गोष्टीला मात्र तो अजून मिळायचाय. आणि नायिका शहाचीच मुलगी कशाला हवी? १५६४चा निजामशाही किल्लेदार घ्या. शहाच्या लेकीचं लग्न ठरलं म्हणून त्याला किल्ल्या विजापूरच्या माणसांना द्यायच्या आहेत, चंबूगबाळं आवरायचं आहे. समजा, त्यालाही एक मुलगी आहे, आणि किल्ल्या घ्यायला आलेल्यांतला एकजण तिच्या ओळखीचा निघाला. तर?