पट आणि पडदा

नबाबी लखनौतील दोन जहागीरदार, मिर्झा सज्जाद अली आणि मीर रोशन अली, बुद्धिबळाच्या पटापुढे बसले की त्यांना तहानभुकेचीही शुद्ध राहत नसे. मिर्झांच्या बेगमेचे डोके असह्य दुखत असते, हकीम आणावा असा निरोप आतून वारंवार येतो. पण मिर्झांना डाव अर्धा टाकवत नाही. अखेर बेगम स्वतः दिवाणखान्यात येऊन पट उधळून देते. मग हे दोघे मित्र पहाटेच घराबाहेर पडू लागतात आणि गोमती ओलांडून एका ओसाड मशिदीत डाव मांडतात. इंग्रजी फौज शहरात शिरते, नबाब वाजिद अली शाह बंदी होतो, तरी त्यांना चिंता असते ती पटावरच्या राजाची. प्रेमचंद यांची 'शतरंज के खिलाडी' ही कथा १९२४ मधील. तिच्यामागची घटना, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीने अवधचे राज्य खालसा केले ती, १८५६ मधील.

आज त्याच गोमतीपलीकडे महानगर ही लखनौची गजबजलेली वसाहत आहे. तेथील एखाद्या घरात काय, किंवा नागपूर-सोलापूरच्या एखाद्या घरात काय, आई जेवायला हाका मारत असते आणि मुलगा मोबाइलवरून मान वर न करता थोडा वेळ मागत असतो. मिर्झांच्या बेगमेची तक्रार आणि या आईची तक्रार यांत फारसे अंतर नाही. म्हणूनच पूर्वीचे पटावरचे खेळ निर्मळ आणि आताचे पडद्यावरचे खेळ घातक, अशी सरळ विभागणी टिकत नाही. द्यूताच्या एका बैठकीत राज्य, भाऊ आणि पत्नीही पणाला लावणाऱ्या युधिष्ठिराची कथा ज्या देशात घरोघरी सांगितली जाते, तेथे तर ती मुळीच टिकू नये.

तरीही दोहोंत भेद आहे. तो पाहण्यासाठी खेळाची ओढ कशातून निर्माण होते, हे आधी पाहिले पाहिजे.

सारीपाटाचेच उदाहरण घेऊ. अधिक चिन्हाच्या आकाराचा कापडी पट. त्याच्या प्रत्येक भुजेवर आठ-आठ घरांच्या तीन ओळी, म्हणजे चार भुजा मिळून ९६ घरे. चार भिडू, प्रत्येकाच्या चार सोंगट्या. फासे टाकल्यावर कोणते दान पडेल, हे कोणाच्याच हाती नसते. पण पडलेल्या दानावर कोणती सोंगटी पुढे न्यायची, कोणती मारायची, कोणती सुरक्षित ठेवायची, हे मात्र खेळणाऱ्याने ठरवायचे असते. दैव आणि बुद्धी यांचे हे मिश्रण माणसाला विलक्षण प्रिय आहे. हरणाऱ्याला दानाला दोष देता येतो, जिंकणाऱ्याला स्वतःच्या हुशारीचे श्रेय घेता येते आणि दोघेही पुन्हा डाव मांडायला तयार असतात. 'मनासारखे दान पडणे' हा वाक्प्रचार मराठीत रुजला, तो उगाच नव्हे. याउलट, परंपरेने संत ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडलेल्या मोक्षपटात सारा भार दैवावर असतो. सद्गुणांच्या शिड्या वर नेतात, दुर्गुणांचे साप खाली आणतात. पुढे हाच खेळ सापशिडी या नावाने मुलांचा झाला. बुद्धिबळात दैवाला जवळजवळ जागाच नाही; त्यामुळे तेथे हरलेल्याला कोणावर ढकलता येत नाही आणि पराभव अधिक झोंबतो.

या सर्व खेळांना एक गोष्ट अपरिहार्यपणे लागते, ती म्हणजे समोर बसणारा दुसरा माणूस. त्याला वेळ असावा लागतो, त्याची इच्छा असावी लागते. तो चिडतो, कुरकुरतो, चाल परत मागतो, नियमावरून वाद घालतो. आणि शेवटी कंटाळला की उठून जातो. त्या क्षणी खेळ थांबतो. मीर आणि मिर्झा यांच्या दुर्दैवाने दोघांपैकी एकही उठणारा नव्हता.

महाराष्ट्रात या ओढीला शिस्तीचे वळण दिले गेले, त्याचे ठळक उदाहरण सांगलीचे. भाऊसाहेब पडसलगीकर यांनी तेथे १९४१ मध्ये नूतन बुद्धिबळ मंडळ स्थापन केले. पाच वेळा राष्ट्रीय महिला विजेतेपद मिळवणाऱ्या भाग्यश्री साठे-ठिपसे याच सांगलीच्या. वेळ लावून खेळणे, हरल्यावर डाव पुन्हा मांडून कोठे चुकले ते पाहणे, ही मंडळाची शिकवण असते. ओसाड मशिदीत नेमके हेच नव्हते.

आता पडद्याकडे वळू. मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव यांनी १९८४ मध्ये तयार केलेला 'टेट्रिस' हा खेळ अनेकांनी हातात मावणाऱ्या छोट्या यंत्रावर खेळला असेल. वरून ठोकळे पडतात, ओळ पूर्ण झाली की ती नाहीशी होते आणि वेग वाढत जातो. या खेळाच्या मूळ रूपात विजय असा नसतोच. केव्हा तरी हरल्यावरच तो संपतो. म्हणून 'आणखी एकदा' ही भावना त्याच्या रचनेतच आहे. २०१२ मध्ये आलेल्या 'कँडी क्रश'ने पुढचे पाऊल टाकले. त्यात खेळणाऱ्याला पाच जीव मिळतात. ते गमावले की एकेक जीव परत मिळण्यास अर्धा तास थांबावे लागते, किंवा पैसे मोजावे लागतात. वरकरणी हा संयम वाटतो. वस्तुतः माणसाने अर्ध्या तासाने पुन्हा मोबाइल हाती घ्यावा, याची ती योजना आहे. सारीपाटाची ओढ खेळणाऱ्यांमधून निर्माण होत असे. येथे ती कोणीतरी दूर बसून, मोजूनमापून तयार केलेली असते. आणि समोरचा भिडू कधी दमत नाही. एक गेला तर क्षणार्धात जगाच्या दुसऱ्या टोकाचा एक मिळतो, नाहीतर यंत्र स्वतः खेळायला तयार असते.

एक गोष्ट मात्र पडद्याच्या बाजूने सांगितली पाहिजे. त्यावर खेळणारा प्रत्येक जण एकाकी असतो, असे नाही. सप्टेंबर २०२० मध्ये भारत सरकारने बंदी घातलेल्या 'पबजी मोबाइल'मध्ये शंभर खेळाडू एका बेटावर उतरत, पण मित्र चौघांचा गट करून, एकमेकांशी बोलत खेळत. रोजगारासाठी चार शहरांत पांगलेल्या मित्रांची ती संध्याकाळची बैठकच होती.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात खेळाच्या विकाराचा समावेश आहे. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळ महत्त्वाचा वाटणे, नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, ही त्याची लक्षणे. आणि ती साधारणपणे वर्षभर दिसावी लागतात. मीर आणि मिर्झा यांना ती तंतोतंत लागू पडतात. पण या व्याख्येत नाव आहे ते केवळ डिजिटल खेळांचे.

पैशाचा प्रश्न आला की कायदाही बदलत गेलेला दिसतो. मुंबई इलाख्याच्या १८८७ च्या जुगारविरोधी कायद्याने निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन खेळांच्या कायद्याने मात्र, खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, पैसे लावून तो ऑनलाइन खेळवण्यास मनाई केली. मोबाइलवरच्या रमीत महिन्याची मजुरी एका रात्रीत घालवून बसलेल्या माणसाच्या दृष्टीने कौशल्य आणि नशीब हा भेद तसाही फारसा उरलेला नसतो.

पट आणि पडदा हे वैरी मात्र नाहीत. नागपूरची दिव्या देशमुख जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे वयाच्या एकोणिसाव्या वर्षी महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकली, तो पटासमोर बसून. पण तिच्या पिढीतील खेळाडूंचा बराचसा अभ्यास संगणकावर होतो. दुसरे उदाहरण अधिक घरगुती आहे. सारीपाटाची भावंड असलेली पचिसी इंग्लंडला जाऊन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'लुडो' झाली, आणि २०१६ मध्ये नवी मुंबईतील एका कंपनीने तिला 'लुडो किंग' या नावाने मोबाइलवर आणले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा वेगवेगळ्या गावी अडकलेली कुटुंबे या खेळावर एकत्र आली. त्यात आणखी एक सोय आहे. इंटरनेट नसले तरी एकाच मोबाइलवर चौघांना पाळीपाळीने खेळता येते. मोबाइल सतरंजीवर मधोमध आडवा ठेवला जातो, चार डोकी त्यावर वाकतात, कोणाची तरी सोंगटी घराच्या दारात मारली जाते आणि दान कोणी टाकायचे यावरून भांडण सुरू होते.