केस गळतात, पण कोणत्या प्रकारे?

गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली की चहा येईपर्यंत ज्या गप्पा निघतात, त्यात केस गळण्याचा विषय हमखास असतो. एक जण माक्याचं तेल सांगते, दुसरी जास्वंदीचं, तिसरी मोबाइलवर पाहिलेली आठशे रुपयांची बाटली. सल्ला सगळ्याच देतात, पण केस नेमके कसे गळतायत हे कुणी विचारत नाही. आमच्या मते पहिला प्रश्न तोच आहे, कारण केस गळणं हा काही एकच आजार नव्हे.

आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यातले रोज पन्नास ते शंभर गळणं नेहमीचंच. फणीत चार केस दिसले म्हणून घाबरायचं कारण नाही. शंका असेल तर दोन दिवस न धुतलेल्या केसांतला पन्नास-साठ केसांचा पुंजका बोटांत धरा आणि मुळापासून टोकापर्यंत हळूच ओढा. एखाददुसरा आला तर ठीक. सहापेक्षा जास्त आले, आणि डोक्यावर इतर ठिकाणीही तसंच झालं, तर कारण शोधायला हवं.

बायकांमध्ये फार दिसणारा प्रकार म्हणजे सगळ्या डोक्यावरून सारखे केस गळणं. बाळंतपण, टायफॉइड, डेंग्यू, मोठं ऑपरेशन, घरातला मृत्यू, कडक उपास, असं काही घडून गेलं की दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठभर यायला लागतात. ताप कधीच उतरलेला असतो, म्हणून त्याचा संबंध लक्षात येत नाही आणि दोष बिचाऱ्या साबणाला मिळतो. खरं तर शरीराला धक्का बसला की पुष्कळ केस वाढ थांबवून एकदमच विश्रांतीला जातात आणि सुमारे तीन महिन्यांनी गळून पडतात. मुळं जिवंत असतात. त्यामुळे बहुतेकींचे केस सहा महिन्यांत, बाळंतिणीचे बाळ वर्षाचं होईपर्यंत, आपोआप भरून येतात. याला औषधापेक्षा पोटभर अन्न आणि धीर जास्त लागतो.

पण हीच गळती वर्ष-वर्ष थांबत नसेल तर रक्ताकडे बघा. पाळीत अंगावरून जास्त जाणं, लागोपाठची बाळंतपणं, सगळ्यांना वाढून उरलेलं खाणं, यात शरीरातलं लोह संपत जातं. धाप, चक्कर, जिने चढताना पाय भरून येणं, हे आपण कामाचा थकवा म्हणून सोडून देतो. केस गळाले की मात्र लक्ष जातं. म्हणून तेलाच्या बाटलीआधी हिमोग्लोबिन तपासा. गरोदर नसलेल्या बाईचं ते बारापेक्षा कमी असेल तर रक्त कमी आहे. हिमोग्लोबिन बरं असूनही शरीरातला लोहाचा साठा कमी असू शकतो, त्याची वेगळी तपासणी असते. थायरॉइडचीही करून घ्यावी. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, चहा लोह अंगी लागू देत नाही. लिंबूपाण्याबरोबर घ्या. कॅल्शियमची गोळी दुसऱ्या वेळेला. जेवणात कुळीथ, नाचणी, हिरवी भाजी, अंडं, मासळी हवी, आणि मासळीचा तुकडा आपल्याही ताटात पडला पाहिजे.

दुसरा प्रकार सावकाश येतो. भांग हळूहळू रुंद होत जातो, पुढचे केस बारीक होतात, आई किंवा मावशीलाही तसंच असतं. हा आनुवंशिक. चेहऱ्यावर केस, पुटकुळ्या, पाळी पुढे-मागे असंही असेल तर हार्मोनची तपासणी करावी लागते. यावर मिनॉक्सिडिल नावाचं औषध डोक्याला लावायला देतात. सुरुवातीच्या काही आठवड्यांत उलट जास्त केस गळतात, तेव्हा बऱ्याच जणी ते सोडून देतात. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात आणि औषध बंद केलं की आलेले केस पुन्हा जातात. म्हणजे हा कायमचा खर्च आहे, तो समजून मगच सुरू करावं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी लावू नये. आणि नवऱ्याला टक्कल पडतंय म्हणून दिलेली फिनास्टेराइडची गोळी आपण घेऊन बघू नये. गरोदरपणात पोटातल्या मुलग्याला त्यापासून धोका असतो.

तिसरी चाई. रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा अचानक दिसतो, आणि लोक म्हणतात की किडीने केस खाल्ले. कीड वगैरे काही नसते. शरीराची रोगाशी लढणारी ताकदच चुकून केसांच्या मुळांवर उलटते. चाई एकीची दुसरीला लागत नाही. लहान चट्टे पुष्कळदा आपणच भरतात, नाहीतर डॉक्टर तिथे इंजेक्शन किंवा मलम देतात. बिब्बा किंवा लसूण चोळणं बंद करा. कातडी भाजते, फोड येतात, आणि जखमेचा वण राहिला तर तिथे केस कधीच येत नाहीत.

लहान मुलाच्या डोक्यावर खवल्यांचा चट्टा आणि तुटके केस दिसले तर तो बहुधा नायटा. हा मात्र लागतो. कंगवा, टोपी, टॉवेल वेगळे ठेवा. यात नुसतं मलम पुरत नाही, पोटातून गोळ्या काही आठवडे घ्याव्या लागतात. दुकानात न विचारता मिळणाऱ्या स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांनी नायटा दबल्यासारखा वाटतो आणि मग पसरतो.

रोज ओढून बांधलेल्या अंबाड्याने कपाळाकडचे आणि कानशिलाचे केस जातात. बांधणी सैल केली की सुरुवातीला ते परततात, वर्षानुवर्षं ओढले तर नाही. आणि चट्टा लाल, दुखरा किंवा चकचकीत होऊन केसांची छिद्रंच दिसेनाशी झाली असतील तर थांबू नका. त्यात मूळ मरतं, म्हणून लवकर जाणं महत्त्वाचं.

कारण न शोधता घाबरण्याचा परिणाम काय होतो ते आपण शेगावला पाहिलं. गजानन महाराजांमुळे शेगाव सगळ्यांना माहीत आहे. २०२४ च्या डिसेंबरपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत त्या तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचं डोकं खाजायला लागलं, केस हातात यायला लागले आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडलं. अठरा गावांतली २७९ माणसं, असा आकडा छापून आला. आधी शाम्पूवर संशय, मग बुरशीवर, मग विहिरीच्या खाऱ्या पाण्यावर. मुलींनी कॉलेजला जाणं सोडलं, ठरत आलेली लग्नं अडली, अशा बातम्या येत होत्या. मग महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर तिथे गेले. आपल्या कोकणात विंचूदंशाने होणारे मृत्यू ज्यांच्या उपचाराने कमी झाले, तेच हे डॉक्टर, २०२२ चे पद्मश्री. रुग्णांचं रक्त, लघवी आणि केस तपासून त्यांनी सांगितलं की अंगात सेलेनियम फार वाढलंय आणि जस्त कमी झालंय, आणि हे बाहेरून आलेल्या रेशनच्या गव्हातून आलं असावं. सेलेनियम शरीराला अगदी किंचित लागतं. जास्त झालं तर केस आणि नखं गळतात. पुढे पुष्कळ जणांचे केस परत येऊ लागले.

यातून आपल्या कामाची एक गोष्ट कळते. केसांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक गोळ्यांत सेलेनियम आणि अ जीवनसत्त्व असतं, आणि ही दोन्ही जास्त झाली की केस गळतात. दोन-तीन प्रकारच्या गोळ्या एकदम घेऊ नका. त्यात बायोटिन असेल तर थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो, म्हणून तपासणीआधी डॉक्टरांना सांगा.

तेलाला आमचा विरोध नाही. खोबरेल केसाला गुळगुळीत ठेवतं, त्यामुळे केस तुटायचा कमी होतो. माका घालून उकळलं तर वासही छान येतो. पण मुळाशी नवा केस उगवणं हे त्याचं काम नव्हे, आणि गटातून अंतर्गत कर्ज काढून महागडं तेल घेण्यात अर्थ नाही. आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. आधी उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, हिमोग्लोबिन बघून घ्या. पुढे रत्नागिरीला जावं लागलं तर त्वचेचे डॉक्टर कोणत्या वारी असतात ते आशाताईंना विचारूनच निघा, एसटीचं भाडं फुकट जायला नको. जाताना गेल्या सहा महिन्यांतली आजारपणं, बाळंतपण, पाळीचा हिशेब आणि चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या. भांगाचा एक फोटो आज उजेडात काढून ठेवा आणि दर महिन्याला त्याच जागी उभं राहून पुन्हा काढा. रोज आरशात बघून फरक कळत नाही.