अनामिका टेकवून

स्केलिंग करून आलेला माणूस घरी मशीनच्या आवाजाबद्दल सांगतो. डेंटल हायजिनिस्टचं काम मात्र त्या मशीनच्या आधीच सुरू झालेलं असतं. अमेरिकेत तीस-तीस वर्षं हेच काम करणाऱ्या बायका आहेत. त्यांना कंटाळा कसा येत नाही, हे समजायला एक बैठक सुरुवातीपासून पाहावी.

सुरुवात मोजणीने होते. प्रोब ही टोकाला बोथट, मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई. दात आणि हिरडी यांच्यामध्ये अरुंद खाच असते, तिच्यात प्रोब हलक्या हाताने सोडायचा, प्रत्येक दाताला सहा ठिकाणी. बत्तीसही दात शाबूत असतील तर 192 आकडे. 3 मिलिमीटरपर्यंत काळजी नाही. 5, 6 असे आकडे येऊ लागले तर बहुधा हिरडी दातापासून सुटत चालली आहे. कुठे रक्त आलं, त्याचीही नोंद होते. पेशंटला हा वेळकाढूपणा वाटतो, पण पुढचं सगळं या तक्त्यावर चालतं.

मग कीटण. ते कुठे जास्त सापडणार, हे मुरलेल्या हायजिनिस्टला पेशंटने तोंड उघडण्याआधीच ठाऊक असतं: खालच्या पटाशीच्या दातांच्या मागे, आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला. लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या नळ्या त्याच भागात उघडतात. दातावर जंतूंचा चिकट थर बसतो, त्यात लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट उतरतं आणि काही दिवसांत त्याचा दगड होतो. थर मऊ असेपर्यंत ब्रश पुरतो. दगडापुढे त्याचं काही चालत नाही.

मोठे खडे अल्ट्रासॉनिक स्केलर फोडतो. त्याचं टोक सेकंदाला पंचवीस हजारांहून जास्त वेळा थरथरतं आणि तापतं, म्हणून पाण्याचा फवारा. हिरडीखालच्या मुळावरचं बारीक काम क्युरेट या हातातल्या धारदार हत्याराने होतं. तिथे डोळ्यांना काही दिसत नाही. मूळ गुळगुळीत आहे की खरखरीत, हे बोटांना कळावं लागतं. क्युरेट पेनसारखा धरतात, पण जोर बोटांनी लावायचा नाही. अनामिका जवळच्या दातावर टेकवायची आणि तिच्या आधाराने मनगट आणि हात एकत्र फिरवायचे. हे टेकणं चुकलं की हत्यार घसरतं, हिरडी कापली जाते आणि वर्षानुवर्षांनी मनगट बोलू लागतं. धार बोथट असेल तर आणखी वाईट: कीटण निघण्याऐवजी घासून चकचकीत होतं आणि काम झाल्यासारखं वाटतं. मला विचाराल तर या पेशात टिकणं हे या एका बोटावर, धारेवर आणि मान न वाकवता बसण्यावर अवलंबून आहे.

शेवटचं पॉलिशिंग पेशंटला सगळ्यात आवडतं, कारण चहाचे, मिश्रीचे डाग त्यातच जातात. आरोग्याच्या दृष्टीने त्याचं महत्त्व सगळ्यात कमी.

"साफ केल्यावर दात हलायला लागले," ही तक्रार आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. खरं तर दातांभोवतीचं हाड आधीच झिजलेलं असतं. दातांमधल्या फटी कीटणाने बुजवलेल्या असतात आणि तेच दातांना जखडून धरत असतं. ते निघालं की जुनं नुकसान उघडं पडतं. हे न चिडता, दर वेळी नव्याने समजावून सांगणं हाही नोकरीचाच भाग.

समाधान मिळतं ते पुढच्या भेटींत, हिरडी बरी होताना पाहून. 1965 साली हाराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये 12 निरोगी माणसांना दात घासणं बंद करायला लावलं. तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि पुन्हा घासू लागल्यावर साधारण आठवड्याभरात बऱ्या झाल्या. हाडापर्यंत पोचलेला आजार इतका सोपा नसतो, म्हणून अशा पेशंटना बहुधा दर तीन महिन्यांनी बोलावतात. मागच्या खेपेला 6 असलेल्या जागी या खेपेला 4 लागले आणि रक्त आलं नाही, की त्यात पेशंटचाही वाटा असतो, हायजिनिस्टचाही. एकच तोंड वीस वर्षं पाहणाऱ्या बाईला त्या तक्त्यात मधुमेह, बाळंतपण, सुटलेली तंबाखू हे सगळं वाचता येतं.

या पेशाची सुरुवात कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्टची. डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनी 1906 मध्ये आपली मदतनीस आयरीन न्यूमन हिला हे काम शिकवलं आणि 1913 मध्ये वर्ग काढला. तिथून बाहेर पडलेल्या बायका गावातल्या शाळांत मुलांचे दात साफ करू लागल्या. भारतात 1948 च्या डेंटिस्ट्स ॲक्टने हायजिनिस्टची व्याख्या केली आणि नोंदणीची सोयही केली. तरी महाराष्ट्रातल्या बहुतेक खासगी दवाखान्यांत स्केलिंग डॉक्टर स्वतःच करतात, आणि पेशंट येतो तो दाढ ठणकल्यावर. तीन महिन्यांनी पुन्हा येणारा पेशंट नसेल, तर मागचे आकडे काढून शेजारी ठेवायचे कुणाचे?