जटायूपुढील पेच



११ डिसेंबर २०२२ रोजी आपल्या पेडणे तालुक्यात, मोपा येथे, नव्या विमानतळाचे उद्घाटन झाले. पुढच्याच महिन्यात, ९ जानेवारी २०२३ रोजी, मॉस्कोहून गोव्याकडे येणारे विमान बॉम्बच्या धमकीमुळे जामनगरला उतरवावे लागले. आत २४४ माणसे होती. स्फोटक काही सापडले नाही; परंतु आकाशातले संकट आता आपल्या अंगणावरूनही जाते, ही जाणीव झाली.

विमानाचे अपहरण झाले की लढाऊ विमाने धाडावीत, असे आपण सहज म्हणतो. ती काय करू शकतात? पाठलाग करून पाहणी करतील. पंख हलवून, खुणा करून उतरण्यास फर्मावतील. आणि अखेरीस विमान पाडतील. पहिल्या दोन उपायांचे यश समोरच्याने ऐकण्यावर अवलंबून आहे. तिसऱ्यात, ज्यांना सोडवायचे तेच मरतात.

२४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीस निघालेले आयसी-८१४ हे विमान अमृतसरला उतरले, सुमारे पाऊण तास थांबले आणि इंधन न घेताच उडाले. पुढे लाहोर, दुबई, कंदाहार. आणि ३१ डिसेंबरला तीन दहशतवाद्यांची सुटका. यातला बोध असा की, निर्णयाची खरी घटका धावपट्टीवर होती. चाके जमिनीवरून सुटल्यावर लढाऊ विमानांच्या हाती फारसे उरत नाही.

११ सप्टेंबर २००१ नंतर प्रश्नाचे रूपच पालटले. प्रवासी विमान हेच अस्त्र ठरले. २००५ साली भारताने स्वीकारलेल्या धोरणात, असे विमान महत्त्वाच्या स्थळावर आदळविले जाणार असेल तर ते पाडण्याची मुभा ठेवण्यात आली. उलट जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने २००६ साली तशीच तरतूद रद्द केली. इतरांना वाचविण्यासाठी निरपराध प्रवाशांना शासनाने साधन म्हणून वापरणे हे मानवी प्रतिष्ठेला बाधक आहे, असा त्या निकालाचा आशय होता. दोन्ही बाजूंना केवळ भित्रेपणा वा क्रौर्य म्हणून निकालात काढता येत नाही.

वाल्मीकींच्या जटायूने सीतेला घेऊन जाणाऱ्या रावणाला आकाशात अडविले. त्याने रथ मोडला. रावण सीतेसह भूमीवर आला. तरीही सीता सुटली नाही. जटायूचे शौर्य निष्कलंकच आहे. परंतु रथ मोडणे म्हणजे सुटका नव्हे, हेही त्याच कथेत आहे.

म्हणून माझे मत असे: आदेश कोणी द्यायचा, कोणत्या क्षणी द्यायचा, हे संकटापूर्वीच ठरलेले असावे आणि शस्त्राचा उपयोग सर्वांत शेवटी व्हावा. निरपराधांच्या प्राणांसाठी क्षणभर थबकणे ही दुर्बलता नव्हे. पूर्वतयारी नसल्यामुळे थबकणे हा मात्र अपराध आहे. वादसभेत या विषयावर हात वर करणाऱ्या विद्यार्थ्याने आधी त्या विमानात आपले कोणी बसले आहे असे समजावे, आणि मग, विमान जिथे कोसळेल तिथेही आपलेच घर आहे असे समजावे. त्यानंतरच मत द्यावे.