दत्तक मुलाचे पत्र

छोट्या व्यवसायातली नीती बरीचशी मालकाच्या घडणीतून येते. वर्ध्याचे जमनालाल बजाज पाहा. १८८९ साली राजस्थानातल्या सीकरजवळच्या खेड्यात जन्मले, लहानपणीच वर्ध्याच्या शेठ बच्छराजांच्या घरी नातू म्हणून दत्तक आले. सतराव्या वर्षी दागिने घालण्याच्या वादात हे आजोबा पैशावरून टोचून बोलले. संपत्तीवरचा हक्क सोडल्याचे पत्र लिहून मुलाने घर सोडले. आजोबांनी समजूत घालून परत आणले.

दत्तक आलेल्याला ‘हे माझे नव्हे’ ही जाणीव लवकर होत असावी. गांधीजी पुढे भेटले, आपण संपत्तीचे मालक नव्हे, विश्वस्त आहोत हा त्यांचा विचार या तयार मनात रुजला, असे मला वाटते. १९२८ साली जमनालालजींनी घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिरही दलितांसाठी खुले केले. धंद्यात नव्याने पडणाऱ्यांनी हक्क सोडल्याचे ते पत्र जरूर वाचावे.