भूमिका-खेळासाठी बाह्य संदर्भसाहित्याची निवड : रायगड किनाऱ्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

कल्पित जगातील एखाद्या पात्राची भूमिका स्वीकारून, चार-सहा जणांनी एकत्र बसून, संवाद व फाशांच्या साहाय्याने एक दीर्घ कथा घडवत नेणे, असे 'रोल प्लेइंग गेम' या क्रीडाप्रकाराचे स्वरूप आहे. प्रस्तुत लेखात त्यास 'भूमिका-खेळ' असे म्हटले आहे. या प्रकारातील पहिला प्रसिद्ध खेळ, 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. या खेळात एक जण सूत्रधार असतो. तो प्रसंग उभा करतो. इतर खेळाडू आपापल्या पात्राने काय करावे ते ठरवितात. अनेक बैठकांमधून चालणाऱ्या अशा सलग कथेस 'मोहीम' म्हणता येईल.

हा प्रकार परकीय असला तरी त्यामागील प्रवृत्ती आपणास अपरिचित नाही. सिंधुदुर्गातील दशावतारी नाटकात आख्यान ठरलेले असते. परंतु बरेचसे संवाद नट रंगमंचावर आयत्या वेळी रचतात. रत्नागिरी-रायगड पट्ट्यातील जाखडीच्या शक्ती-तुरा सामन्यात एक शाहीर दुसऱ्यास पुराणातील कोडे घालतो आणि उत्तरास ग्रंथाचा आधार मागतो. 'आधार कोणता?' हा शाहिराचा प्रश्न हाच प्रस्तुत लेखाचाही प्रश्न आहे.

लेखाची उद्दिष्टे :

१) भूमिका-खेळातील बाह्य संदर्भसाहित्याची संकल्पना स्पष्ट करणे.
२) अशा साहित्याच्या निवडीचे निकष मांडणे.
३) रायगड किनाऱ्याविषयी उपलब्ध असलेल्या साधनांचा या दृष्टीने विचार करणे.

संकल्पना :

भूमिका-खेळाचे साहित्य स्थूलमानाने तीन प्रकारचे असते. पहिला प्रकार मूळ प्रकाशकाच्या नियमग्रंथांचा. दुसरा प्रकार मूळ नियमांना जोडून इतर प्रकाशकांनी काढलेल्या पूरक पुस्तिकांचा. यांत नवे प्रदेश, नवी पात्रे व जादा नियम असतात. तिसरा प्रकार म्हणजे खेळाशी मुळीच संबंध नसलेले, परंतु प्रेरणा देणारे साहित्य. कादंबऱ्या, बखरी, प्रवासवृत्ते, लोककथा व गॅझेटिअर यांचा त्यात समावेश होतो. या तिसऱ्या प्रकारास आरंभापासूनच मान्यता होती. गायगॅक्स यांनी १९७९ च्या सूत्रधार-मार्गदर्शिकेच्या परिशिष्टात आपणास प्रेरक ठरलेल्या ललित साहित्याची यादीच दिली होती.

दुसऱ्या प्रकारास खरी चालना मिळाली ती २००० साली. त्या वर्षी मूळ खेळाचे नियम एका खुल्या परवान्याखाली इतरांस वापरण्यास देण्यात आले आणि लहान-मोठ्या प्रकाशकांच्या पुस्तिकांची गर्दी झाली. २०२३ च्या आरंभी हा परवाना बदलण्याच्या हालचालीवरून मोठा वाद उद्भवला. अखेरीस नियमांचा एक पायाभूत संच 'क्रिएटिव्ह कॉमन्स' परवान्याखाली, केवळ श्रेयनिर्देशाच्या अटीवर, कायमचा खुला करण्यात आला. परिणामी आज साहित्य विपुल आहे. अडचण आहे ती निवडीची.

एक अनुभव :

प्रस्तुत लेखकाने काही विद्यार्थ्यांसमवेत सुटीच्या काळात असा खेळ चालविला. समुद्रावरील मोहिमेसाठी एका परदेशी प्रकाशकाची चाचेगिरीविषयक पुस्तिका निवडली व कथेची सुरुवात खांदेरी बेटाजवळ केली. पुस्तिकेच्या साच्याप्रमाणे एक क्रूर चाचा-सरदार हवा होता. त्या जागी 'आंग्रिया' हे नाव सहज बसले. दुसऱ्याच बैठकीत अलिबागच्या एका विद्यार्थ्याने शांतपणे विचारले, "सर, सरखेलांना आपण लुटारू का म्हणायचे?" उत्तर देता आले नाही. लेखकाने मोहीम थांबविली आणि साच्यात पात्रांची अदलाबदल केली: आता आंग्रे नायक आणि जंजिऱ्याचा सिद्दी खलनायक. त्यावर मुरूडच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आला, "मग सिद्दी सगळे वाईटच का?"

दोन्ही प्रश्न रास्त होते आणि दोन्ही वेळी चूक एकच होती. पुस्तिका बाहेरची होती एवढाच दोष नव्हता; एकाच बाजूच्या साधनावर सारी कथा उभी केली होती. पहिली चूक परक्या नजरेची, तर दुसरी आपल्याच अभिमानाची.

निवडीचे निकष :

१) साधन कोणाच्या नजरेतून लिहिले आहे? कान्होजी आंग्रे यांना 'चाचा' ठरविणारी परंपरा जुनी आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या नौकांवर काम केलेल्या क्लेमंट डाउनिंग याच्या १७३७ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाच्या शीर्षकातच आंग्रे यांचा उल्लेख चाचा असा आहे. जॉन बिडल्फ यांच्या १९०७ च्या ग्रंथानेही तीच दृष्टी पुढे चालविली. कंपनीने १७१८ मध्ये खांदेरीवर आणि १७२१ मध्ये पोर्तुगीजांसह कुलाब्यावर केलेले हल्ले अयशस्वी ठरले होते, हे लक्षात घेता या शब्दामागील कटुता समजू शकते. दुसऱ्या बाजूस कान्होजी हे मराठी राज्याचे सरखेल होते. आपल्या समुद्रातून जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी दस्तक घ्यावे, अशी त्यांची मागणी होती. पोर्तुगीजांनीही 'कार्ताज' नावाचे परवाने अशाच रीतीने सक्तीचे केले होते. त्यांना मात्र सहसा चाचे म्हटले जात नाही. ही बाजू समजण्यासाठी दा. गो. ढबू यांचा 'कुलाबकर आंग्रे सरखेल' आणि सुरेंद्रनाथ सेन यांचे लेखन उपयुक्त आहे. डाउनिंगचे पुस्तक टाकून द्यावे असे नाही. कंपनीच्या खलाशाची भूमिका घेणाऱ्या खेळाडूस तेच उपयोगी पडेल. त्याची नजर ही सूत्रधाराची नजर होऊ नये, इतकेच.

हाच न्याय सिद्दींनाही लागू होतो. सिद्दी हे मोगलांच्या बाजूचे आरमारप्रमुख व मराठ्यांचे प्रतिस्पर्धी होते, हे खरे. परंतु त्यांच्याच मुलखातील श्रीवर्धनची देशमुखी पेशव्यांच्या भट घराण्याकडे होती, हेही खरे. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरी बांधावयास घेताच सिद्दीने लगतचे उंदेरी बळकाविले. समोरासमोरच्या दोन बेटांवर दोन सत्ता आणि मधल्या पाण्यात रोज जाळे टाकणारे कोळी, ही स्थिती कोणत्याही तयार साच्यापेक्षा अधिक नाट्यपूर्ण आहे.

२) साधनातून निर्णयाचा प्रसंग मिळतो काय? भूमिका-खेळ वर्णनावर चालत नाही, तो निर्णयावर चालतो. पुष्कळ पूरक पुस्तिकांत राजवंशावळी व नकाशे भरपूर असतात. परंतु खेळाडूने काय करावे असा पेच नसतो. याउलट दस्तकाचा वाद हा तयार पेच आहे. गलबतावर निशाण इंग्रजांचे आहे, मात्र आतील माल एका देशी व्यापाऱ्याचा आहे. अशा वेळी गुराबेवरील तांडेलाने ते अडवावे काय?

लोकसमजुतींबाबतही असेच. ए. एम. टी. जॅक्सन यांनी शाळामास्तरांकडून मिळविलेल्या माहितीवर आधारलेला कोकणच्या लोकसमजुतींचा खंड त्यांच्या मृत्यूनंतर, १९१५ साली, आर. ई. एन्थोवेन यांनी संपादून प्रसिद्ध केला. त्यात गिऱ्हा, मुंजा, वेताळ यांची माहिती आहे. परदेशी नियमग्रंथात भुताची शक्ती आकड्यांत दिलेली असते. आपल्या समजुतीत मात्र ते भूत का झाले, कोठे राहते व कशाने शांत होते, हे सांगितलेले असते. पाण्यात बुडून मेलेल्याचा गिऱ्हा होतो, एवढ्या एका समजुतीतून 'बुडाला कोण आणि कोणामुळे?' असा शोध सुरू होतो. तलवार उपसण्यापूर्वी विचार करावा लागतो.

३) साधन जिवंत श्रद्धेशी वा समाजाशी निगडित आहे काय? १९८० साली मूळ प्रकाशकाने काढलेल्या देवदेवतांच्या ग्रंथात इंद्र, अग्नी आदी भारतीय देवता ग्रीक व नॉर्स देवतांच्या पंक्तीस बसविल्या होत्या आणि त्यांना लढाईतील बळाचे आकडे दिले होते. नॉर्स देवतांबाबत जी मोकळीक घेता येते, ती रोजच्या पूजेतील देवतांबाबत घेणे उचित नव्हे. आपल्या किनाऱ्यावर बेने इस्रायली परंपरेत नवगावचे जहाजफुटीचे स्थान पूज्य आहे; कोर्लई येथे पोर्तुगीज मिश्रित बोली आजही बोलली जाते. या समाजांतील माणसे आपले शेजारी व विद्यार्थी आहेत. त्यांच्या इतिहासावरून स्फूर्ती घेताना नावे बदलावीत, त्या समाजातील जाणत्यांशी बोलावे आणि कोणत्याही समाजास जन्मजात दुष्ट ठरवू नये.

४) साधन खेळाच्या नियमांशी जुळते काय? बाह्य प्रकाशकाच्या पुस्तिकेतील एखादे जादा सामर्थ्य साऱ्या खेळाचा तोल बिघडवू शकते. म्हणून एका वेळी एकच पुस्तिका घ्यावी, एका बैठकीपुरती वापरून पाहावी आणि कोणती साधने ग्राह्य आहेत हे आरंभीच सर्वांस सांगावे. खेळाडूने मध्येच आणलेली पुस्तिका सूत्रधाराने वाचल्याखेरीज स्वीकारू नये.

५) वापराचा हक्क आहे काय? घरी वा वर्गात खेळताना हा प्रश्न सहसा येत नाही; परंतु तयार झालेली मोहीम छापावयाची असल्यास परवाना पाहिलाच पाहिजे. भारतात लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरील स्वामित्वहक्क सर्वसाधारणपणे त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत टिकतो. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा कुलाबा व जंजिरा यांवरील १८८३ चा खंड त्यामुळे मोकळेपणी वापरता येतो. बंदरे, खाड्या, भात, मीठ व जकात यांची त्यातील माहिती सूत्रधारास फार उपयोगी पडते. अर्थात पहिला निकष या सरकारी ग्रंथासही लावावा.

निष्कर्ष :

१) बाह्य साहित्याची निवड ही केवळ सोयीची बाब नसून कथेतील माणसांकडे कोणत्या दृष्टीने पाहावे याची निवड असते.
२) कोणत्याही संघर्षासाठी किमान दोन बाजूंची दोन साधने घेणे इष्ट ठरते.
३) विकतच्या पुस्तिकेकडून नियम घ्यावेत, माणसे, स्थळे व पेच मात्र स्थानिक साधनांतून घ्यावेत.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी वारशातील १२ किल्ल्यांची जागतिक वारसा म्हणून नोंद केली. त्यांत रायगड व खांदेरी यांचा समावेश आहे. हे किल्ले आपल्या विद्यार्थ्यांनी दुरून पाहिलेले असतात. तेथे वावरणाऱ्या माणसांचा विचार क्वचितच केलेला असतो. उपरोक्त मोहीम तिसऱ्यांदा सुरू केली तेव्हा दस्तकाचाच प्रसंग घेतला. गलबत अडवावे की सोडावे यावर तासभर चर्चा झाली आणि निर्णय झाला नाही. दुसऱ्या दिवशी अलिबागचा तो विद्यार्थी व मुरूडची ती विद्यार्थिनी ग्रंथालयात आंग्रे व सिद्दी यांच्यावरील पुस्तके मागत होती. इतिहासाच्या तासाला जे साधले नव्हते, ते नेमक्या साधनाच्या निवडीने साधले. अध्यापकांनी या क्रीडाप्रकाराची दखल घेण्यास एवढे कारण पुरेसे आहे.